पेशा, जबानी आणि पहिली कादंबरी

कादंबरी लिहिणारा माणूस त्याआधी काय करत होता, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. पण दुसऱ्याच पेशात काही वर्षे घालवून ज्याने पहिली कादंबरी लिहिली, त्याच्या बाबतीत हा प्रश्न टाळून चालत नाही. पेशा माणसाला माणसे दाखवतो आणि ऐकण्याची सवय लावतो. त्याचबरोबर तो आपली नजरही त्याच्या डोळ्यांत बसवतो. कादंबरीत काय दिसते आणि काय दिसत नाही, हे बरेचसे त्या नजरेवर ठरते.

याची दोन ठळक उदाहरणे आपल्या जुन्या निजामी मुलखाशी जोडलेली आहेत. एक पोलीस खात्यातून आलेला इंग्रज, दुसरा शिक्षण खात्यातला मौलवी. दोघांनीही तिशीच्या वयात पहिली कादंबरी लिहिली आणि दोघांच्या कादंबऱ्यांत मुसलमान माणूस मध्यभागी आहे. पण दोघांना तो फार वेगळा दिसला.

पहिला फिलिप मेडोज टेलर. जन्म १८०८, लिव्हरपूल. पंधरा वर्षांच्या या पोराला १८२४ साली मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे पाठवण्यात आले. पुढे भागीदारी मिळेल असे सांगितले होते. इथे येऊन पाहतो तर त्या व्यापाऱ्याचाच धंदा बुडत चाललेला. ओळखीतून त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि तो औरंगाबादला रुजू झाला. हिंदुस्थानी, मराठी, फारसी या भाषा तो शिकला. लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणारा साहेब म्हणून त्याला पुढे पोलिसांचे काम मिळाले. बाजार, रस्ते, वाटसरू, चोऱ्या, खून हे त्याचे रोजचे विषय झाले.

वाटसरूंशी मैत्री करून, रुमालाने गळा आवळून त्यांना मारणाऱ्या टोळ्यांचा माग त्याला लागत होता. तेवढ्यात त्याला फौजेत परत जावे लागले. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून नाव झाले ते स्लीमनचे. ही सल टेलरने आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. पुढे पकडलेल्या ठगांच्या जबान्या त्याच्या कानांवर आणि हाताखाली आल्या. त्यातून १८३९ साली लंडनला 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही तीन खंडांची कादंबरी निघाली. ती इंग्लंडात प्रचंड वाचली गेली आणि 'ठग' हा आपला शब्द इंग्रजी भाषेत पक्का बसला.

कादंबरीची मांडणी पाहण्यासारखी आहे. तुरुंगातला अमीर अली आपल्या खुनांची हकीकत साहेबाला सांगतो आणि साहेब ऐकून घेतो. ही मांडणी टेलरला वाङ्मयाने दिली नाही, कचेरीने दिली. ही माफीच्या साक्षीदाराची जबानी आहे. तिच्यात बोलणारा आरोपी असतो आणि लिहून घेणारा सरकारी माणूस. आरोपी कितीही रंगून बोलला तरी त्याला विचारले जातात ते गुन्ह्याविषयीचेच प्रश्न. अमीर अली देखणा आहे, शूर आहे, बोलण्यात गोड आहे, बायकामुलांवर जीव टाकणारा आहे. लेखकाला त्याचा मोह पडला आहे हे पानोपानी जाणवते. पण शेवटी तो ठगच. दख्खनच्या वाटांवरचा जो मुसलमान त्या काळच्या इंग्रज वाचकाच्या मनात ठसला, तो असा. ठग ही देशभर पसरलेली एकच संघटित जमात होती, हे चित्र अधिकाऱ्यांनी फुगवले होते असे आज बरेच इतिहासकार म्हणतात. काही जण त्या जबान्यांना पुरावा म्हणून महत्त्वही देतात. हा वाद चालू आहे. कादंबरीने मात्र आपला निकाल केव्हाच देऊन टाकला होता.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. टेलरची पत्नी हैदराबादचे पेढीवाले विल्यम पामर यांची मुलगी, आणि पामर यांची आई फैजबक्ष ही मुसलमान बेगम. म्हणजे हा लेखक मुसलमानांना फक्त तुरुंगात भेटत होता असे नाही. त्याच्या सासुरवाडीतच ते रक्त होते. तरीही पहिल्या कादंबरीला घरातला माणूस सुचला नाही, कोठडीतला सुचला. पेशाची पकड ती हीच.

या गोष्टीला पुढचा भाग आहे. शोरापूर संस्थानचा कारभार बरीच वर्षे सांभाळल्यावर टेलर १८५३ साली नळदुर्गला आला. त्या वर्षीच्या करारानुसार वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीकडे गेला होता. जमीन मोजणी, सारा, रस्ते, तळी, रयतेच्या अर्जफाट्या अशी कामे त्याने चार वर्षे केली. १८५७ साली त्याची बदली बुलढाण्याला झाली आणि १८६० साली त्याने हिंदुस्थान सोडला. त्यानंतर १८६३ साली त्याची 'तारा' आली. तिची नायिका तुळजापूरच्या ब्राह्मण घरातली मुलगी आहे आणि नायक अफजलखानाचा मुलगा फाजल. हा फाजल दिलदार, जबाबदार आणि माणुसकीचा तरुण आहे. १८३९ चा अमीर अली आणि १८६३ चा फाजल यांच्यामध्ये चोवीस वर्षे आहेत. मला त्या वर्षांइतकाच महत्त्वाचा वाटतो तो कामातला बदल. आधी लेखक गुन्हेगार ऐकत होता, नंतर तो रयत ऐकू लागला. माणूस तोच, मुलूख जवळपास तोच, पण खुर्ची बदलली तशी माणसेही वेगळी दिसू लागली.

दुसरे उदाहरण मौलवी नझीर अहमद यांचे. बिजनौर जिल्ह्यातले, शिक्षण दिल्ली कॉलेजात. पंजाबात शिक्षकीपासून सुरुवात करून ते शाळाखात्यात डेप्युटी इन्स्पेक्टर झाले. भारतीय दंडसंहितेच्या उर्दू तर्जुम्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्या कामाने त्यांना महसूल खात्याचा दरवाजा उघडला आणि ते डेप्युटी कलेक्टर झाले. म्हणून उर्दू जगत त्यांना आजही 'डेप्युटी नझीर अहमद' म्हणते.

त्यांच्या घरी मुलींना वाचायला देण्यासारखे पुस्तक नव्हते. तेव्हा ते स्वतःच थोडे थोडे लिहून मुलीला देऊ लागले. वाचून झाले की ती पुढचे मागायची. त्यातून 'मिरात-उल-उरूस' तयार झाले. शिक्षण खात्याचे संचालक केम्पसन यांच्या नजरेस ते पडले, सरकारने एक हजार रुपयांचे बक्षीस दिले आणि १८६९ साली ते छापले गेले. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून साधारणपणे याच पुस्तकाचे नाव घेतले जाते.

इथेही मांडणी पेशाने दिली. ती धड्याची आहे. दोन बहिणी, अकबरी आणि असगरी. एक फूहड, दुसरी सुघड. एकीने घर मोडले, दुसरीने उभे केले. वर्गात फळ्यावर दोन रकाने आखावेत तसे हे आहे. पुढच्या 'तौबत-उन-नसूह'मध्ये बाप मुलांना सुधारायला निघतो आणि थोरल्या कलीमची शेरोशायरीची पुस्तके जाळून टाकतो. एका कादंबरीकाराने पुस्तके जाळण्याचा प्रसंग लिहिला, आणि बापाची बाजू घेऊन लिहिला! शिक्षकाची नजर ती हीच. तिला सारखे बरोबर-चूक करावेसे वाटते.

पण कादंबरी लेखकापेक्षा चतुर असते. असगरीचे गुण पाठ करावे लागतात. अकबरीचा थयथयाट एकदा वाचला की विसरत नाही. नसूहचे उपदेश डोळ्यांखालून सरकतात आणि घर सोडून गेलेला कलीम मनात राहतो. हे कशामुळे झाले? नझीर अहमद यांनी दिल्लीच्या जनानखान्यातली बोली जशीच्या तशी कागदावर उतरवली. अकबरी भांडते ती त्या बोलीत. धडा पुस्तकी भाषेत सांगता येतो, माणूस घरच्या बोलीतच जिवंत होतो.

१८७७ साली सालारजंगांच्या काळात नझीर अहमद हैदराबादच्या नोकरीत आले आणि १८८४ पर्यंत राहिले. म्हणजे नळदुर्गचा साहेब आणि दिल्लीचा मौलवी, दोघांनीही एकाच रियासतीचा पगार घेतला.

नोकरीत राहून लिहिण्याची किंमत मात्र सगळ्यांना सारखी पडत नाही. टेलरला कीर्ती मिळाली, नझीर अहमद यांना बक्षीस. धनपतराय नावाच्या शाळामास्तरने १९०३ पासून 'असरार-ए-मआबिद' ही पहिली कादंबरी उर्दू साप्ताहिकात क्रमशः लिहिली. पुढे १९०८ चा त्याचा 'सोझ-ए-वतन' हा कथासंग्रह सरकारला खुपला, उरलेल्या प्रती द्याव्या लागल्या आणि टोपणनावही बदलावे लागले. त्या नव्या नावाने, प्रेमचंद म्हणून, जग त्याला ओळखते.

आता आपल्याकडे पाहू. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून कविता पुष्कळ आल्या, कथा आल्या, वैचारिक लेखन आले. १९६५ साली आलेली हमीद दलवाई यांची 'इंधन' समोर असूनही कादंबरीकडे वळणारे हात थोडेच राहिले. आपल्याकडे माणसे नाहीत का? किनवटसारखे गाव घ्या. १९५६ पर्यंत आमचा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. एका रात्रीत सरकारची भाषा बदलली, घराची बदलली नाही. आजही इथे घरात दखनी, शाळेत उर्दू, कचेरीत मराठी, बाजारात तेलुगू, तांड्यावर बंजारा आणि पाड्यावर गोंडी चालते. सागवान तोडणारे, आरा मशीनवर बोटे गमावलेले, ट्रक चालवणारे, बिड्या वळणाऱ्या बाया, आणि आमच्यासारखे बी.एड. झालेले मास्तर, हे सगळे एकाच गल्लीत राहतात. यांची जबानी आजवर कोणी घेतली असेल तर ती पोलीस ठाण्यात, नाहीतर शिरगणतीच्या तक्त्यात.

आपल्यात पहिली कादंबरी लिहील तो बहुधा मास्तरच असेल. कागद-पेन त्याच्याच हाताशी आहे. त्याने दोघांकडूनही शिकावे. टेलरने भाषा शिकून अनोळखी माणसाचे तासन्‌तास ऐकून घेतले, तो सबुरीचा गुण घ्यावा. पण ऐकताना आपण खुर्चीवर आणि समोरचा जमिनीवर नाही ना, हे पाहावे. नझीर अहमद यांच्याकडून घरची बोली कागदावर आणण्याची हिंमत घ्यावी, आणि हातातली लाल शाईची पेन तेवढी दप्तरात ठेवावी. दखनी बोलणारी आई मराठी कादंबरीत दखनीतच बोलू द्यावी. मराठी वाचक तिला समजून घेईल; एवढा विश्वास त्याच्यावर टाकायला हवा.

आपली गोष्ट आपण लिहिली नाही तर ती लिहिली जाणारच नाही असे नव्हे. ती दुसरा कोणीतरी लिहितो, त्याच्या पेशाच्या नजरेने लिहितो, आणि तीच खरी ठरते. अमीर अलीचे तसेच झाले. त्याच्या गल्लीतल्या कोणी त्याच वेळी दुसरी गोष्ट लिहून ठेवली असती, तर निदान वाचणाऱ्यासमोर दोन पुस्तके असती.