हरियाल व राखी कपाळाची हरोळी

कोलंबिडी (कपोत) कुलाच्या ट्रेरॉन प्रजातीतील दोन जवळच्या, फलाहारी, हिरव्या जाती. गोव्यात दोन्ही आढळतात. हरियाल (ट्रेरॉन फीनिकॉप्टेरस) हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी असून भारतभर विस्तृत प्रदेशात दिसतो. राखी कपाळाची हरोळी (ट्रेरॉन अफिनिस) केवळ पश्चिम घाट व लगतच्या भागात राहते.

ओळख : हरियाल पारव्याएवढा, सु. ३३ सेंमी. लांब असतो, पाय पिवळे, डोके राखी, मान व छाती पिवळसर हिरवी, खांद्यावर जांभळट ठिपका. नर-मादी जवळपास सारखेच. हरोळी सु. २७-२८ सेंमी. लांब असून तिचे पाय लाल असतात. नराची पाठ तांबूस तपकिरी, मादीची हिरवी. घोटाळा होतो तो मादीमुळेच, तोही हरियालापेक्षा नारिंगी छातीच्या हरोळीच्या (ट्रेरॉन बायसिंक्टस) मादीशी. अशा वेळी शेपटी पाहावी : राखी कपाळाच्या हरोळीची मधली पिसे हिरवी, तर नारिंगी छातीच्या हरोळीची राखाडी असतात. या पक्ष्यांचा आवाज घुमण्याचा नसून शिळेसारखा, चढउताराचा असतो.

अधिवास व आहार : हरियाल पानझडी वने, गावशिवार व रस्त्याकडेचे जुने वृक्ष पसंत करतो, सकाळी थवे निष्पर्ण शेंड्यांवर ऊन खात बसतात. राखी कपाळाच्या हरोळीला सदाहरित व दमट पानझडी वन मानवते. गोव्यात हे दोन्ही प्रकारचे अधिवास जवळजवळ आहेत : डिचोली तालुक्यातील मये येथे तळे, कुळागरे आणि झाडीच्या टेकड्या शेजारी-शेजारी आहेत. पूर्वेस सत्तरीत सह्याद्रीची दाट वने सुरू होतात. त्यामुळे अशा ठिकाणी वड, पिंपळ, उंबर फळले की दोन्ही जाती एकाच झाडावर येऊ शकतात. ट्रेरॉन पक्ष्यांची स्नायुमय पेषणी अंजीरवर्गीय फळांच्या बिया दळून टाकते. त्यामुळे बीजप्रसारात त्यांचा वाटा, बिया अखंड टाकणाऱ्या इतर फलाहारी कबुतरांच्या मानाने, कमी असतो.

प्रजनन : काटक्यांचे विरळ घरटे, त्यात सहसा दोन पांढरी अंडी. पिलांना नर-मादी दोघेही अन्नपुटातील ‘कपोतदुग्ध’ भरवतात.

वर्गीकरण : राखी कपाळाची हरोळी पूर्वी भारत-श्रीलंकेपासून फिलिपीन्सपर्यंत पसरलेल्या ट्रेरॉन पाँपाडोरा या जातीची उपजाती मानली जाई. आता ती स्वतंत्र जाती असून पाँपाडोरा हे नाव श्रीलंकेतील पक्ष्यापुरते उरले आहे. त्यामुळे गोव्याच्या जुन्या सूच्यांतील पाँपाडोरा म्हणजे आजची अफिनिस समजावी.