रजा आणि सुट्टी



रजा आणि सुट्टी हे दोन शब्द आपण सरसकट एकाच अर्थाने वापरतो. पण कामगार चळवळीत वावरलेल्या माणसाला त्यांतला फरक पक्का ठाऊक असतो. रजा मागावी लागते. सुट्टी हक्काची असते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, ही त्यातली एक मागणी. मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मान्य केली, तेव्हा १० जून १८९० उजाडला होता.

हाच झगडा आमच्या काळात न्यूयॉर्क शहराच्या शाळांत झाला. तिथल्या सरकारी शाळांत तेव्हा सुमारे अकरा लाख मुले होती. नाताळला शाळा बंद, ज्यूंच्या मोठ्या सणांनाही बंद. ईदला मात्र चालू. मुसलमान मुलाने नमाजाला जावे, तर वर्गातला दिवस बुडायचा. शाळेत यावे, तर घरचा सण चुकायचा. १० जानेवारी २००६ रोजी बकरी ईद होती आणि नेमकी त्याच दिवशी राज्याची परीक्षा ठेवलेली! कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. वेळापत्रक आखणाऱ्याच्या ध्यानातच ती मुले नव्हती, आणि खरे दुखणे तेच होते.

त्यातून धार्मिक, नागरी आणि कामगार संघटना एकत्र आल्या. ३० जून २००९ रोजी नगरपरिषदेने ईदच्या सुट्टीचा ठराव केला. पण शाळांचा कारभार महापौरांच्या हाती, आणि ठराव त्यांना बंधनकारक नव्हता. महापौर ब्लूमबर्ग यांचे म्हणणे असे की, प्रत्येक धर्माला सुट्टी दिली तर शाळा भरायची कधी? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. शाळा बंद राहिली की रोजावर काम करणाऱ्या आईने मूल कुठे ठेवावे? शिवाय चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून ईद दरवर्षी मागे सरकते. पण या अडचणी हिशेबाच्या होत्या, न्यायाच्या नव्हत्या. आणि हिशेब बसवता येतो. नवे महापौर द ब्लाझिओ यांनी ४ मार्च २०१५ रोजी दोन्ही ईदना मान्यता दिली. २४ सप्टेंबर २०१५ च्या बकरी ईदला शहरातल्या सरकारी शाळा प्रथमच बंद राहिल्या.

पुढचेही ऐका. एकाचा सण पंचांगात आला म्हणून दुसऱ्याचा बाहेर गेला नाही. चांद्र नववर्षाला जागा मिळाली, आणि १ नोव्हेंबर २०२४ रोजी दिवाळीसाठीही त्या शाळा बंद होत्या. आपली तिकडची मुले त्या दिवशी फराळाला निवांत बसली, त्या वाटेवरची झुडपे आधी ईद मागणाऱ्यांनी तोडली होती.

ईदच्या दिवशी मुसलमान पोराच्या शेजारचा ख्रिस्ती पोरगाही घरी राहतो, आणि आज सुट्टी कशाची म्हणून आईला विचारतो. रजेने हे कधीच घडले नसते.