तेलाखालचा खिळा आणि पृथ्वीचा प्राणवायू

गंजण्याचा प्रयोग आपण सर्वांनीच वर्गात केलेला असतो. परीक्षानळीत उकळून गार केलेले पाणी, त्यात खिळा आणि वर तेलाचा थर. आठवडा गेला तरी खिळा गंजत नाही, कारण त्या पाण्यात प्राणवायू नाही. ही नळी पाहिली की आम्हाला फार जुनी पृथ्वी आठवते. तिच्यावर समुद्र होते, सूक्ष्मजीवही होते. हवेत प्राणवायू मात्र जवळजवळ नव्हता.

हे कशावरून? त्या काळची हवा कुणी बाटलीत भरून ठेवलेली नाही. साक्ष द्यायला आहेत ते दगडच.

पहिली साक्ष लोखंडाची. प्राणवायू नसलेल्या समुद्रात लोह विरघळून राहत असे. नील-हरित जीवाणू (पूर्वी यांना शैवाल म्हणत) सूर्यप्रकाशात पाण्याचे विघटन करून प्राणवायू सोडू लागले, तसे लोह त्याच्याशी संयोग पावून तळाशी बसू लागले. लोह आणि सिलिका यांचे एकाआड एक थर असलेले असे पट्टेदार खडक ऑस्ट्रेलियातील हॅमर्सले भागात विपुल आहेत. गोव्याचे लोहखनिजही अशाच प्राचीन पट्टेदार खडकांतले. २५० ते २३० कोटी वर्षांपूर्वीच्या कालखंडाचे ‘सिडेरियन’ हे नावच मुळी लोखंडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून पडले आहे. या पट्ट्यांचा संबंध प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांशी जोडण्याचे काम अमेरिकन भूवैज्ञानिक प्रेस्टन क्लाउड यांनी केले.

पण येथे एक अडचण होती. मोकळ्या प्राणवायूशिवायही लोह गंजवणारे जीवाणू असतात. शिवाय समुद्रात प्राणवायू तयार झाला म्हणजे तो हवेत साठलाच, असे नाही.

हवेबद्दलची निर्णायक साक्ष २००० साली मिळाली, ती गंधकाकडून. जेम्स फार्कर, हुइमिंग बाओ आणि मार्क थीमन्स यांनी प्राचीन खडकांतील गंधकाची समस्थानिके मोजली. हवेत प्राणवायू नसेल तर ओझोनही नसतो. मग अतिनील किरण ज्वालामुखींतून आलेल्या सल्फर डायऑक्साइडचे विघटन करतात आणि गंधकाच्या समस्थानिकांचे नेहमीचे प्रमाण बिघडते. हा बिघाड जुन्या खडकांत ठळक दिसतो, नंतरच्या खडकांत नाहीसा होतो. पुढील मोजण्यांनी ही सीमा सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास आणून ठेवली.

त्या वेळच्या अनेक जीवांना प्राणवायू म्हणजे विषच होते. तो न सोसणारे जीवाणू आजही दलदलीच्या चिखलात आणि गाईच्या पोटात तग धरून आहेत.

‘झाडे आपल्याला प्राणवायू देतात’ हे वाक्य शिकवताना म्हणून एवढी पुस्ती जरूर जोडावी: जमिनीवर पहिले झाड उगवण्याच्या सुमारे २०० कोटी वर्षे आधीच हवेत प्राणवायू आलेला होता.