तनुस्तर वर्णलेखन आणि जटिल कर्बोदकांचे विश्लेषण : एक ऐतिहासिक आढावा
(मराठवाड्यातील अन्नपदार्थ व वनौषधींच्या संदर्भात)

प्रस्तावना :

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव हे गोदावरी खोऱ्यातील एक मोठे गाव होय. समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब याच परिसरात आहे. येथील शिवारात पिकणारी तूर व हरभरा, बाभळीचा डिंक, कुंपणावर चढणारी गुळवेल यांचे रासायनिकदृष्ट्या एक समान अंग आहे, ते म्हणजे जटिल कर्बोदके. डिंक व गुळवेलीचे सत्त्व विकताना त्यांचे वजन काट्यावर ठरते. शुद्धता मात्र बहुधा नजरेवर व विश्वासावर सोडली जाते. ही शुद्धता अल्प खर्चात पारखू शकणारी पद्धत म्हणजे तनुस्तर वर्णलेखन. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत ती 'टीएलसी' या नावाने परिचित आहे. सदर पद्धतीचा इतिहास, तिची उपयुक्तता व तिच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

वर्णलेखनाचा प्रारंभ वनस्पतींपासूनच झाला. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी 1903 मध्ये वॉर्सा येथे पानांतील रंगद्रव्ये वेगळी करण्याची रीत मांडली व 1906 मध्ये तिचे नामकरण केले. 1938 मध्ये खारकिव्ह येथे निकोलाय इझमाइलोव्ह व मारिया श्रायबर यांनी काचेवर ॲल्युमिनाचा पातळ थर देऊन त्यावर औषधी वनस्पतींच्या अर्काचे थेंब टाकले. म्हणजेच तनुस्तर पद्धतीचा जन्मच मुळी औषधी वनस्पतींच्या परीक्षणातून झाला. परंतु या कार्याकडे जगाचे लक्ष उशिरा गेले.

दरम्यान कागद-वर्णलेखन पुढे आले. आर्चर मार्टिन व रिचर्ड सिंज यांना विभाजन-वर्णलेखनासाठी 1952 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पार्ट्रिज यांनी 1946 मध्ये हीच कागदाची रीत शर्करांना लावून दाखविली. मात्र कागदावर शर्करा वेगळ्या होण्यास बराच वेळ लागे आणि तीव्र आम्लाने कागद जळून जाई.

अमेरिकेत जस्टस कर्शनर यांनी 1951 मध्ये लिंबूवर्गीय फळांतील सुगंधी द्रव्यांसाठी सिलिकाचा थर दिलेल्या काचपट्ट्या वापरल्या. मोसंबीच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालना जिल्ह्यातील वाचकांस हा योगायोग लक्षणीय वाटेल. पुढे जर्मन औषधशास्त्रज्ञ एगॉन श्टाल यांनी 1956 पासून या पद्धतीला प्रमाणित रूप दिले. थर काचेला धरून ठेवण्यासाठी त्यांनी जिप्सम वापरले. काच व जिप्सम या दोहोंनाही तीव्र आम्लाची फवारणी व उष्णता सहन होते, ही बाब महत्त्वाची ठरली. श्टाल व काल्टेनबाख यांनी 1961 मध्ये शर्करांचे विश्लेषणही थरावर करून दाखविले.

पद्धतीचे स्वरूप :

डिंक, स्टार्च यांसारख्या बहुशर्करांचे रेणू फार मोठे असतात. सामान्य द्रावकात ते थरावरून पुढे सरकत नाहीत. ठिपका लावला तेथेच राहतात. म्हणून नमुना प्रथम सौम्य आम्लात उकळून त्याचे जलविच्छेदन केले जाते. त्यातून सुट्या झालेल्या साध्या शर्करांचे ठिपके सिलिकाच्या थरावर, ज्ञात शर्करांच्या ठिपक्यांशेजारी लावतात. ब्युटेनॉल, ॲसिटिक आम्ल व पाणी यांचे मिश्रण थरावरून वर चढताना प्रत्येक शर्करेला कमी-अधिक अंतर वाहून नेते. शेवटी ॲनिलिन-डायफिनिलअमाइनसारखे द्रव्य फवारून थर तापविला, की रंगीत ठिपके प्रकट होतात.

स्थानिक पदार्थांच्या संदर्भात उपयोजन :

बाभळीच्या डिंकाचे जलविच्छेदन केल्यास प्रामुख्याने गॅलॅक्टोज व अरॅबिनोज मिळतात. गवारगमपासून गॅलॅक्टोज व मॅनोज मिळतात, तर स्टार्चपासून केवळ ग्लुकोज. त्यामुळे डिंकाच्या भुकटीत पीठ मिसळले असल्यास ग्लुकोजचा ठळक ठिपका ती भेसळ उघड करतो.

कडधान्यांतील रॅफिनोज, स्टॅकिओज व व्हर्बॅस्कोज या अनुक्रमे तीन, चार व पाच घटकांच्या साखळ्या मात्र न तोडताही थरावर वेगळ्या होतात. साखळी जितकी लांब, तितकी तिची चाल कमी. या साखळ्या तोडणारे विकर मानवी आतड्यात नसल्याने मोठ्या आतड्यातील जिवाणू त्या आंबवितात व वायू धरतो. मोड येताना बियांतील विकरे याच साखळ्या तोडतात. थरावर त्यांचे ठिपके फिके पडतात. कडधान्ये भिजवून मोड आणण्याच्या घरोघरच्या रीतीचे हे रासायनिक प्रमाण होय.

मर्यादा :

गुळवेलीचे सत्त्व हे मुख्यतः स्टार्च असते. त्याऐवजी बटाट्याचा स्टार्च विकला गेला, तरी जलविच्छेदनानंतर दोहोंतून ग्लुकोजच मिळते. येथे ही पद्धत एकटी निर्णय देऊ शकत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली स्टार्चच्या कणांचा आकार पाहावा लागतो. तसेच ठिपक्याच्या गडदपणावरून प्रमाणाचा केवळ अंदाज येतो. अचूक मोजमापासाठी उपकरणयुक्त पद्धतींचाच आधार घ्यावा लागतो.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते, की तनुस्तर वर्णलेखनाच्या इतिहासातील प्रत्येक टप्प्याने परीक्षणाचा वेळ वा खर्च कमी केला. काच, सिलिका, झाकणाची बरणी व थोडी द्रावके एवढ्या साहित्यावर ग्रामीण महाविद्यालयातही ही पद्धत राबविता येते. डिंक वेचणारा व गुळवेल गोळा करणारा आपल्या मालाच्या शुद्धतेविषयी दूरच्या शहरातील निर्णयावर अवलंबून असतो. त्याच्याच गावाजवळ प्राथमिक परीक्षण झाले, तर चोख मालाला पुरावा मिळेल. मात्र या पद्धतीला कोणत्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, हे ओळखून तिचा वापर केला, तरच त्या पुराव्यास खरे मोल येईल.