कापरेकर आणि गाळलेली पदे

शिष्यवृत्ती परीक्षेत ‘प्रश्नचिन्हाच्या जागी कोणती संख्या येईल?’ असा प्रश्न हमखास असतो. मालिकेतला नियम ओळखायचा आणि रिकामी जागा भरायची. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी हाच प्रश्न उलटा घातला. नियम हाती आहे. मग त्यातून कोणत्या संख्या कधीच निघत नाहीत?

नियम चौथीच्या मुलालाही समजेल. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. २३ मध्ये ५ मिळवले की २८. पुढे ३८, ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१. म्हणजे २३ ही २८ ची जनक संख्या. पण २० ला जनकच नाही. १४ पासून १९ मिळते, १५ पासून एकदम २१. अशा संख्यांना स्वयंभू संख्या म्हणतात. ‘देवळाली संख्या’ हेही त्यांचेच नाव.

शंभराच्या आत त्या तेरा आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. नऊनंतर दर वेळी ११ ची भर. हा तक्ता मी प्रथम वहीत मांडला, तेव्हा उत्साहाच्या भरात पुढची पदेही शाईने लिहून टाकली: १०८, ११९, १३०. वही चाळताना माझा भाचा म्हणाला, “मामा, १०९ मध्ये १० मिळवले की ११९ होतात की!” मी निरुत्तर झालो. १०८ बरोबर होती. पण पुढचे खरे पद ११०. तिथून पुन्हा ११ ची चाल सुरू होते, ती २०९ पर्यंत.

कारण शोधायला मला आठवडा लागला. दशकाचा अंक एकाने वाढला की संख्या १० ने वाढते आणि अंकांची बेरीज १ ने, म्हणून ११. पण ९९ वरून १०० वर जाताना अंकांची बेरीज १८ वरून थेट १ वर येते. ९९ पासून ११७ मिळते, तर १०० पासून १०१. घडी विस्कटते ती या सांध्यावर.

कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. १९३० ते १९६२ त्यांनी शाळेत शिकवले. त्यांच्या कामाला पोरखेळ म्हणणारेही होते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले. माझ्यासारख्या पदवीविना धडपडणाऱ्याला या कामात एक मोठा दिलासा दिसतो: इथे ताळा कुणालाही करता येतो, आणि तो कुणालाच चुकवता येत नाही. अकरा पदे जुळली म्हणून बारावे जुळेलच, असे नाही.

आता मी अंदाज पेन्सिलीने लिहितो. वाचकांनीही २०९ च्या पुढे २२० लिहिण्याआधी थोडे थांबावे.