सर्किट बोर्डाची सफाई

सोल्डरिंगनंतर सर्किट बोर्डावर उरलेला फ्लक्स, बोटांच्या घामातले क्षार आणि धूळ काढून टाकण्याची प्रक्रिया. छत्रपती संभाजीनगरात या कामाची दोन टोके दिसतात : वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथले वाहनांच्या सुट्या भागांचे उद्योग आणि पैठण गेटची मोबाईल-दुरुस्तीची दुकाने. दोन्हीकडे नियम एकच ठरतो : फ्लक्स आहे तसा राहू द्यावा किंवा पूर्ण काढावा, अर्धवट सफाई न केलेल्या सफाईपेक्षा घातक. फ्लक्समध्ये मुख्यतः राळ आणि सौम्य आम्लधर्मी सक्रियके असतात. ती धातूवरचा ऑक्साइडचा थर घालवून सोल्डरला पसरू देतात. मात्र मागे राहिलेल्या आयनांना ओलावा मिळाला आणि शेजारच्या पट्ट्यांमध्ये विद्युतदाब असला, की धातू विरघळतो, ऋण पट्टीवर साचत नेच्याच्या पानासारखा वाढत जातो आणि शेवटी शॉर्ट होतो.

‘नो-क्लीन’ फ्लक्स धुवायचा नसतोच, हा पहिला आक्षेप. १९८७च्या माँट्रियल करारानंतर ओझोनला घातक सीएफसी-११३ हे धुण्याचे द्रावण मागे पडत गेले आणि हा फ्लक्स रूढ झाला. त्याची सुरक्षितता पुरेशा उष्णतेवर आणि घट्ट राळेत अडकून पडलेल्या सक्रियकांवर अवलंबून असते. दुरुस्तीत भरपूर लावलेला फ्लक्स कडेला नीट तापतच नाही. त्यावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) टाकून ब्रश फिरवला आणि तसाच वाळू दिला, तर राळ फुटते, सक्रियके मोकळी होऊन आयसीखाली शिरतात आणि पांढरट थर उरतो. म्हणून बोर्ड तिरका धरून ताज्या आयपीएने मळ खाली वाहू द्यावा, धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपावा, मग बोर्ड पूर्ण वाळवावा. माइक व उघडे रिले यांपासून द्रावण दूर ठेवावे.

मराठवाड्याची हवा कोरडी, मग एवढी काळजी कशाला, हा दुसरा आक्षेप. पण पावसाळ्यात इथलीही हवा दमट होते, आणि वाळूजला बनलेला भाग कोकणातल्या गाडीतही बसतो. चाचणीत बोर्ड पास झाला, एवढ्यानेही भागत नाही. प्रति चौरस सेंटिमीटर १.५६ मायक्रोग्रॅम मीठतुल्य आयनांची जुनी मर्यादा संपूर्ण बोर्डाची सरासरी पाहते. एका आयसीखालचा मळ तिच्यात लपतो. २०१८मध्ये इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाची मानके ठरवणाऱ्या आयपीसी या संघटनेच्या मानकातून ती सरसकट कसोटी म्हणून वगळली गेली. आता उत्पादकाने आपली प्रक्रिया पुराव्यानिशी सिद्ध करायची असते. पूर्ण सफाईला वेळ आणि द्रावण जास्त लागते हे खरे. पण ब्रेक किंवा इंजिन सांभाळणाऱ्या बोर्डावर ती बचत माणसाच्या जिवाशी खेळते.