बावला खून खटला : इंदूरच्या वेशीवर थांबलेला तपास

१२ जानेवारी १९२५. मुंबईच्या मलबार हिलवर संध्याकाळी एका मोटारीला दुसरी मोटार येऊन धडकली. हल्लेखोरांनी अब्दुल कादर बावला या तरुण, धनाढ्य व्यापाऱ्यावर गोळ्या झाडल्या, सोबतच्या मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर वार केले आणि तिला ओढून नेऊ लागले. त्याच वेळी गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी तेथे पोहोचले. लेफ्टनंट सेगर्ट यांनी जखमी होऊनही गोल्फच्या काठीने हल्लेखोरांना झोडपले. बावला वाचले नाहीत. मुमताज वाचली आणि एक आरोपी जागीच सापडला. हे अधिकारी नसते तर प्रकरण बहुधा त्याच रात्री दडपले गेले असते.

मुमताज ही इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या दरबारातील नर्तकी. तेथून ती निसटली होती. इंदूरमध्ये आपल्या नवजात मुलीला मारण्यात आले, असे तिने न्यायालयात सांगितले.

मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यासमोर नऊ जणांवर खटला चालला. होळकरांच्या सैन्यातील अधिकारी आनंदराव फणसे यांच्या बचावासाठी बॅरिस्टर जीना उभे राहिले. तिघांना फाशीची शिक्षा झाली. हल्ल्याचा उगम इंदूरमध्ये आहे, असे स्वतः क्रम्प यांनी म्हटले; मात्र आज्ञा कोणी दिली, हे ठरले नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातील न्यायालयाला संस्थानिकावर खटला चालवता येत नसे.

सरकारने तुकोजीरावांपुढे दोन पर्याय ठेवले : चौकशी आयोग किंवा गादीचा त्याग. आयोग म्हणजे काय, हे संस्थानिकांना बडोद्यावरून ठाऊक होते. रेसिडेंट फेअर यांच्यावरील विषप्रयोगाच्या आरोपावरून मल्हारराव गायकवाडांची १८७५ मध्ये चौकशी झाली. आयोगातील तीन इंग्रज सदस्यांनी त्यांना दोषी मानले, तीन हिंदी सदस्यांनी मानले नाही. तरीही गैरकारभाराचे कारण देऊन त्यांना पदच्युत केले गेले.

तुकोजीरावांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये पुत्र यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली. त्यांच्यावरील संशय सिद्ध झाला नाही, पुसलाही गेला नाही. (वडील शिवाजीराव यांनीही १९०३ मध्ये गादी सोडली होती, अर्थात वेगळ्या कारणांनी.) दरम्यान या खुनावर बेतलेला ‘कुलीन कांता’ हा मूकपट १९२५ मध्येच पडद्यावर आला होता.

१९२८ मध्ये तुकोजीरावांनी अमेरिकन नॅन्सी मिलर यांच्याशी विवाह केला. १९७८ मध्ये पॅरिसला त्यांचे निधन झाले. मलबार हिलच्या त्या संध्याकाळविषयी त्यांना कोणत्याही न्यायालयात एकही प्रश्न विचारला गेला नाही.